संवेदकयुक्त विद्युत् जाल

विजेची निर्मिती, प्रेषण व वितरण करणाऱ्या जालात ठिकठिकाणी संवेदक बसवून त्यांनी घेतलेली विद्युत् दाब, प्रवाह, कंप्रता (दर सेकंदास होणारी आवर्तनांची संख्या), तापमान इत्यादींची मापने संदेशवहनाने नियंत्रण केंद्राकडे पाठविण्याची व त्यांनुसार जालाचे नियंत्रण करण्याची व्यवस्था. ‘स्मार्ट ग्रिड’ या नावानेही ती ओळखली जाते.

उच्च दाबाच्या प्रेषण जालावर अशी देखरेख पूर्वीपासून आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील 765 किव्हो. उपकेंद्रासारख्या केंद्रांतील मापने दर काही सेकंदांनी भार प्रेषण केंद्राकडे जातात. परंतु ती एकाच क्षणाची नसतात. ही उणीव कलाकोन मापकाने भरून निघते. उपग्रहाकडून मिळणाऱ्या कालसंकेताशी जुळवून तो सेकंदाला 25 वा अधिक मापने घेतो. कालमापनात 1 मायक्रोसेकंदाची चूक झाली, तरी 50 हर्ट्‌झला कोनातील त्रुटी केवळ 0.018 अंश भरते. दोन केंद्रांतील दाबांच्या कलाकोनांतील अंतर वाढू लागले की मधल्या वाहिन्यांवर ताण येत असल्याचे कळते. 30 जुलै 2012 रोजी उत्तरेचे व दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचे जाल कोसळले. त्या वेळी बीना-ग्वाल्हेर वाहिनीवरील जादा भार संरक्षक अभिचालित्राला (रिलेला) दोषासारखा भासला व वाहिनी तुटली. महाराष्ट्र ज्यात येतो ते पश्चिमेचे जाल मात्र तगले. घटनाक्रम लावताना तेव्हा बसविलेल्या मोजक्या कलाकोन मापकांच्या नोंदी उपयोगी पडल्या.

याउलट 11 किव्हो. वाहिनीपासून घरापर्यंतचे वितरण जाल दीर्घकाळ जवळजवळ आंधळेच होते. रोहित्र जळाल्याची बातमी ग्राहकाच्या तक्रारीतूनच कळे. वाहिनीच्या उगमाशी, प्रत्येक रोहित्रावर व प्रत्येक ग्राहकाकडे एकाच वेळी मापन झाले, तर वजाबाकीने गळती नेमकी कोठे होते ते दिसते. औरंगाबाद शहराचे वितरण 2011 ते 2014 या काळात जीटीएल कंपनीकडे फ्रँचायझी तत्त्वावर होते व नंतर ते महावितरणकडे परत आले. व्यवस्था कोणाचीही असो, हा हिशेब टळत नाही. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात तो अधिक अवघड आहे. कारण मापक नसलेल्या कृषिपंपांचा वापर अंदाजाने धरावा लागतो, आणि अंदाज चुकला की चोरी व गळती शेतकऱ्याच्या नावावर किंवा शेतकऱ्याचा वापर गळतीत जातो.

शेंद्रा येथील ‘ऑरिक’ औद्योगिक नगरीत वाहिन्या भूमिगत आहेत. तेथे तुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही. दोषप्रवाह कोणत्या टप्प्यापर्यंत गेला हे दर्शविणारे संवेदक असल्यास खोदकाम थोडक्यात भागते व निर्दोष भागाला दुसऱ्या बाजूने वीज देता येते.

केंद्र शासनाने 2021 मध्ये मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत ग्राहकांकडे संदेशवाहक मापक (स्मार्ट मीटर) बसविण्यावर भर आहे. ते 15 वा 30 मिनिटांच्या अंतराने वापर नोंदवितात. आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीस महाराष्ट्रात विरोध झाल्यावर 2024 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ती न लावण्याचे राज्य शासनाने जाहीर केले. मापक व देयकाची पद्धत या भिन्न बाबी असून वादात त्यांची बरीच गल्लत झाली. तथापि ग्राहकांची शंका निराधार म्हणता येत नाही : अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घर केव्हा रिकामे असते हेही कळू शकते. दुसरीकडे, याच नोंदींमुळे सौर वीज मुबलक असलेल्या दिवसाच्या तासांत स्वस्त दर देणे शक्य होते. मासिक वाचनाच्या जुन्या मापकावर ते शक्य नव्हते.