गाऱ्हाणे ऐकणारा स्वतंत्र अधिकारी

मुलांनो, एखाद्या माणसाने आपल्यावर अन्याय केला, तर आपण सरकारकडे दाद मागतो. परंतु सरकारच्याच एखाद्या कचेरीकडून अन्याय झाला, तर दाद कोणाकडे मागावयाची? ह्या प्रश्नाचे एक उत्तर स्वीडन देशाने १८०९ साली शोधून काढले. राज्यकारभारावर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र अधिकारी तेथील राज्यघटनेने निर्माण केला. त्यास ‘ओंबुड्समन’, म्हणजे प्रतिनिधी, असे म्हणतात. पुढे अनेक देशांनी ही कल्पना स्वीकारली.

त्यांपैकी पोलंडचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. त्या देशात एकाच पक्षाची सत्ता असताना, सरकारविरुद्ध उघड बोलणे धोक्याचे असताना, १९८७ साली नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कायदा झाला. १९८८ च्या आरंभी कायद्याच्या प्राध्यापिका एव्हा वेंतोफ्स्का ह्या पदावर रुजू झाल्या.

तेथे कोणीही साधे पत्र लिहून आपले गाऱ्हाणे मांडू शकतो. त्यासाठी शुल्क पडत नाही. अधिकारी कागदपत्रे मागवितो, चौकशी करतो आणि संबंधित कचेरीला आपले मत कळवितो. त्या कचेरीला ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते. जरूर पडल्यास तो न्यायालयातही जातो. मात्र तो स्वतः कोणाला शिक्षा करू शकत नाही, किंवा कोणाचा हुकूम रद्द करू शकत नाही. सत्य शोधून ते स्पष्टपणे सांगणे, हेच त्याचे खरे सामर्थ्य होय.

परंतु ज्यांची चौकशी करावयाची, त्यांच्याच हाती आपली नेमणूक असेल, तर स्पष्ट कोण बोलेल? म्हणून पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेने ह्या पदाभोवती भक्कम कुंपण घातले आहे. ह्या अधिकाऱ्याची नेमणूक मंत्रिमंडळ करीत नाही. संसदेचे कनिष्ठ सभागृह वरिष्ठ सभागृहाच्या संमतीने ५ वर्षांसाठी ती करते. त्याला राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. विद्यापीठातील प्राध्यापकीखेरीज दुसरी नोकरीही करता येत नाही. कनिष्ठ सभागृहाच्या संमतीवाचून त्याच्यावर फौजदारी खटला भरता येत नाही.

तथापि स्वतंत्र म्हणजे निरंकुश नव्हे. आपल्या कामाचा अहवाल त्याला दरवर्षी संसदेपुढे ठेवावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही राज्यकारभाराविषयीच्या तक्रारींच्या चौकशीसाठी १९७१ च्या कायद्याने लोकायुक्ताचे पद निर्माण झाले. देश निराळे, कायदे निराळे. परंतु तत्त्व एकच आहे. गाऱ्हाणे ऐकणारा स्वतः निर्भय असेल, तरच गाऱ्हाणे सांगणाऱ्या दुर्बल माणसाला धीर येतो.