ग्लँडचा एक टॅग

वाशी तालुक्यात विहिरीवरची मोटर पाहायला गेलात, तर स्टार्टरची पेटी खालून जरा न्याहाळा. आर्मर्ड केबल जिथून आत शिरते, तिथे पितळी ग्लँड असते. केबलवरच्या लोखंडी तारांचं चिलखत ती घट्ट धरते. त्या चिलखताला अर्थिंगशी जोडणारी पितळी चकती म्हणजे अर्थ टॅग.

ही चकती बसवण्यात मात्र वायरमन-वायरमनची सवय निराळी. कुणी ती ग्लँड आणि पेटीच्या मध्ये, बाहेरून बसवतो. कुणी आतून, लॉकनटखाली. कुणी म्हणतो, पेटी लोखंडी आहे, टॅग हवाच कशाला?

अडचण रंगाची आहे. पेटीवरचा रंग वीज अडवतो. भोकाभोवतीचा रंग खरवडला नाही, की ग्लँड घट्ट असूनही जोड कच्चाच राहतो. हिशेब करा: जिवंत वायर पेटीला टेकली आणि अर्थिंगच्या वाटेतला एकूण रोध 10 ओहम असला, तर 230 व्होल्टला वाहतात फक्त 23 अँपिअर. तेवढ्यानं 32 अँपिअरचा फ्यूज उडत नाही, आणि पेटीत वीज उतरलेलीच राहते. रात्रपाळीच्या विजेवर, चिखलात अनवाणी उभा शेतकरी तिलाच हात लावतो.

पेटी प्लॅस्टिकची असेल तर टॅगशिवाय चिलखताला जमिनीची वाटच नाही. टॅग आत की बाहेर, यावर मी वाद घालणार नाही. बाहेर असला की गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून मला तो बरा वाटतो. पण त्याच्या बोल्टमधून निघालेली हिरवी वायर अर्थिंगच्या पट्टीपर्यंत पोचली पाहिजे. काही ठिकाणी ती अर्ध्यातच लोंबताना दिसते.