सही केलीस ना?

शनिवारची रात्र, अकरा वाजलेले. आमचा कट्टा पबमध्ये आणि हा पठ्ठ्या घरी, एका ई-मेलची सब्जेक्ट लाइन तिसऱ्यांदा बदलतोय! 'प्रेमपत्र आहे का रे?' मी विचारलं. 'त्याहून डेंजर. लिनक्स कर्नलला पॅच पाठवतोय.'

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकताना सुरू केलेला. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर तोही यावरच चालतो. माझ्या मित्राचा बदल किती? दोन ओळी. त्याआधी मॅनर्सची ही लांबलचक यादी!

मेल साधा टेक्स्ट हवा. रंगीत फाँट, अटॅचमेंट चालत नाही, कारण तपासणारा तुमच्या कोडच्या ओळीखालीच उत्तर लिहितो. याचा पहिला प्रयत्न इथेच फसला. मेल प्रोग्रॅमनं गुपचूप टॅबच्या स्पेसेस करून टाकल्या, आणि पॅच लागेचना. सब्जेक्टमध्ये चौकोनी कंसात 'पॅच', मग कर्नलचा कुठला विभाग ते, मग काम. तेही आज्ञार्थी. 'मी दुरुस्त केलं' नाही, 'दुरुस्त कर'! जणू कोडलाच दम देतोय.

मला हे सगळं नखरे वाटत होते. मग त्यानं शेवटची ओळ दाखवली: 'साइन्ड-ऑफ-बाय', पुढे नाव आणि ई-मेल. २००३ मध्ये एससीओ कंपनीनं आयबीएमवर दावा ठोकला. आमचा कोड लिनक्समध्ये घुसवला, असा आरोप. कुठली ओळ कुणाकडून आली, हे दाखवता यायला हवं, म्हणून २००४ पासून ही सही आली. अर्थ एवढाच, की हे मी लिहिलंय किंवा द्यायचा हक्क मला आहे. पॅच पुढे नेणारा प्रत्येक मेंटेनर खाली आपली सही जोडतो. सोसायटीच्या नो-ड्यूजवर असतात ना, एकाखाली एक, तशा.

आणि कुणी मुद्दाम खोटं वागलं तर? २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी आधी चुका लपवलेले पॅच पाठवले होते, तपासणारे पकडतात का ते बघायला, हे गाजलं. मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं थांबवलं, जुनेही पुन्हा तपासायला काढले. संशोधकांनी माफी मागितली, पेपर मागे घेतला. पण प्रामाणिकपणे लिहिणारी तिथली मुलंही भरडली गेलीच की!

मित्राला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ: काय बदललंस ते दिसतंय, का ते लिही. टोरवाल्ड्सची जुनी जीभ आठवून (त्याबद्दल त्यांनी २०१८ मध्ये जाहीर माफी मागितलीय) हा आधीच घामाघूम. रात्रीत 'व्ही टू' गेला.

आता पुन्हा शांतता. आठवडाभर तरी आठवण करायची नाही, हाही नियम. आज चौथा दिवस. जेवताना फोन उलटा ठेवलाय, दर दोन मिनिटांनी सुलटा करतोय.