चेक लाइट लागला म्हणजे कॉम्प्युटर गेला का?

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका, तलासरी किंवा आच्छाडजवळ गाडी बंद पडली, तर मेस्त्रीच्या आधी सल्ले देणारे हजर होतात. त्यातले निम्मे सल्ले कार्ब्युरेटरच्या जमान्यातले असतात. मारुती ८०० मध्ये २००० साली एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत, आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींमध्येही इंजेक्शन आलं. इंधनाचा हिशेब आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठेवतो. गावोगावी चालणारे काही समज त्यामुळे तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : ॲक्सिलरेटरने थेट पेट्रोल सुटतं.
वस्तुस्थिती : पेट्रोल गाडीत पायाने उघडते ती हवेची झडप. आत किती हवा आली, ती किती गरम आहे, इंजिन किती वेगाने फिरतंय, हे सेन्सर सांगतात. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, त्या मापाने कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतो. ३००० आरपीएमला प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो, तोही दर वेळी काही मिलिसेकंदच. पेट्रोल कमीजास्त होतं ते या वेळेनुसार. म्हणून चावी मारण्याआधी पाय मारत बसण्यात अर्थ नाही. उलट पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारला, तर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. इंजिन ओलं झालं असेल तर ते सुकावं, यासाठी ही सोय आहे.

गैरसमज : न्यूट्रलमध्ये घाट उतरला की पेट्रोल वाचतं.
वस्तुस्थिती : जव्हारहून खाली येताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचला. चाकंच इंजिन फिरवतात, हे ओळखून कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि वेग फार उतरला की पुन्हा सुरू करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक हातचा जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात.

गैरसमज : स्कॅनर लावला की कोणता पार्ट बदलायचा ते कळतं.
वस्तुस्थिती : स्कॅनर लक्षण सांगतो, कारण नाही. ‘पी०१७१’ या कोडचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे रबरी पाइपाला चीर पडून न मोजलेली हवा आत शिरत असेल, पेट्रोल पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा तो सेन्सरच मळला असेल. शंभर रुपयांच्या पाइपासाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा हजारोंचा सेन्सर बदलला जातो तो इथेच. ईसीयू बिघडणं त्या मानाने विरळा; आधी वायरिंग आणि गंजलेले कनेक्टर पाहावेत.

गैरसमज : बॅटरीची वायर काढून लावली की गाडी सुधारते.
वस्तुस्थिती : बऱ्याच गाड्यांत त्याने कोड आणि कॉम्प्युटरने शिकलेली दुरुस्तीची मापं पुसली जातात. लाइट विझतो, पण बिघाड तसाच राहतो. मापं पुन्हा जुळेपर्यंत काही काळ गाडी अडखळू शकते आणि मेस्त्रीच्या हातचा पुरावाही जातो.

गैरसमज : इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल कॉम्प्युटरला पेलत नाही.
वस्तुस्थिती : इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. धुरात उरलेला ऑक्सिजन पाहून कॉम्प्युटर मर्यादेत इंधन वाढवतो. ॲव्हरेज थोडं उतरतं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील मात्र कॉम्प्युटर वाचवू शकत नाही. ते इथेनॉल सोसतील का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावं.

चेक लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठा, कोड पुसण्याआधी लिहून घ्या. लाइट लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. तो मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा, इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटलं, तर किरकोळ प्लगचं काम कित्येक पटींनी महागात पडतं.