महायुद्ध आणि गिरणगावचा डफ

दुसरं महायुद्ध दूर पेटलं होतं, तरी मुंबईच्या कामगारवस्तीत त्याचे खेळ रंगत होते. गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठेंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला आणि व्होल्गाकाठची झुंज डफावर चाळीत पोचली!

1943 मध्ये मुंबईत 'इप्टा' ही नाट्यसंस्था स्थापन झाली. तिच्या कलावंतांनी बंगालच्या दुष्काळग्रस्तांसाठी खेळ करून निधी जमवला. 1944 मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णा भाऊंनी लाल बावटा कलापथक काढलं. बाज तमाशाचाच, पण गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि हुतात्म्यांना वंदन, गवळणीला तर सुट्टीच.

हे तिघेही कम्युनिस्ट चळवळीतले. फॅसिझमविरोधी युद्धाला कम्युनिस्टांचा पाठिंबा असल्याने ब्रिटिश सरकारने 1942 मध्ये त्यांच्या पक्षावरची बंदी उठवली होती. 'चले जाव' चळवळवाल्यांना मात्र कम्युनिस्टांची ही भूमिका मुळीच मानवली नाही.