कड मोकळी आहे का?

गालाच्या आतली गाठ सर्जन एकटी काढत नाहीत. तिच्याभोवतीचं सुमारे एक सेंटीमीटर निरोगी दिसणारं अस्तर आणि खालचा स्नायूही सोबत काढतात. त्या तुकड्याची बाहेरची कड म्हणजे ‘मार्जिन’. कर्करोगाच्या पेशी कडेपर्यंत पोचल्या असतील, तर त्यांच्या पुढच्या पेशी रुग्णाच्या तोंडातच राहिल्या असण्याची भीती असते. हे कळायला हवं ते रुग्ण भुलीत असतानाच, कारण थोड्या वेळात छातीवरचा स्नायू किंवा मांडीची त्वचा आणून तो खड्डा भरायचा असतो. म्हणून कडेचे छोटे तुकडे ताबडतोब पॅथॉलॉजी विभागाकडे रवाना होतात आणि मागोमाग निरोप जातो, “फ्रोझन पाठवलंय.”

तिथे त्यांची गाठ क्रायोस्टॅटशी पडते. काचेची सरकती खिडकी असलेली ही थंड पेटी. आत उणे २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि त्या थंडीत बसवलेलं मायक्रोटोम, म्हणजे ऊतींचे अतिपातळ काप काढणारं यंत्र. नेहमीच्या पद्धतीत ऊती फॉर्मालिनमध्ये ठेवतात, त्यांतलं पाणी काढून मेण भरतात आणि मग कापतात. त्यात एक दिवस तरी सहज जातो. फ्रोझनमध्ये मेणाचं काम बर्फ करतो. ऊतीतलंच पाणी गोठून तिला कापण्याजोगं घट्ट करतं. एका तुकड्याचं उत्तर साधारण २० मिनिटांत मिळावं, अशी अपेक्षा असते.

यंत्राची कामगिरी इथवर. पुढचं सगळं तंत्रज्ञाच्या बोटांत आहे. तुकडा धातूच्या चकतीवर, दाट चिकट द्रावात बसवायचा, तोही नेमक्या बाजूने. तो तिरका बसला तर जी कड तपासायची तीच कापातून निसटते. मग चाक फिरवायचं. पात्यावरून ५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका काप सुटतो आणि सुटता सुटता निखाऱ्यावरच्या पापडासारखा गुंडाळायला लागतो. त्याला सपाट ठेवायला पात्यावर काचेची पट्टी असते. ती केसभर सरकली तरी काप चुरगळतो. तुकडा फार थंड असेल तर कापाला भेगा पडतात. अशा वेळी अनुभवी तंत्रज्ञ हातमोज्यातला अंगठा क्षणभर त्यावर टेकवतात आणि पुन्हा चाक फिरवतात. तुकडा पुरेसा थंड नसेल तर पात्याखाली त्याचा लगदा होतो. चरबी तर उणे २० अंशांनाही धड गोठत नाही, आणि गालात चरबी भरपूर.

पुढची पायरी बघत राहावी अशी आहे. खोलीच्या तापमानाची काचपट्टी त्या कापाजवळ नेली की तो पात्यावरून उडी मारून तिला चिकटतो आणि तिथेच वितळतो. पट्टी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. थोडा उशीर झाला तरी पेशी वाळतात आणि त्यांची केंद्रकं फुगलेली दिसतात. मग हिमॅटॉक्सिलीनचा निळा-जांभळा रंग, इओसिनचा गुलाबी, वर पातळ काच, आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. पॅथॉलॉजिस्ट पाहतात आणि ऑपरेशन थिएटरला कळवतात, “पुढची कड फ्री, मागची फ्री, खालची पुन्हा घ्या.” त्या ‘पुन्हा घ्या’ने शस्त्रक्रियेची दिशा बदलते.

ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटातल्या रॉचेस्टरला, विल्यम मेयो यांनी पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांच्याकडे मागणी केली: रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही ते सांगा. विल्सन यांनी तिथल्या हिवाळ्याच्या थंडीतच ऊती गोठवल्या आणि मेथिलीन ब्लूने रंगवल्या. गोठवणारी पेटी आणि कापणारं यंत्र एकत्र आलं ते १९३८ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत.

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथले पहिले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू खाण्याच्या सवयी आणि हा रोग यांचा संबंध आपल्याकडे इतक्या आधीपासून नोंदलेला आहे. तरी विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, गुटखा आणि मिश्री चालूच राहिली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. पाश्चात्त्य देशांत हा रोग जास्त करून जिभेवर किंवा तिच्याखाली दिसतो. आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यात, जिथे तंबाखूची गोळी धरली जाते तिथे.

आता अवघड भाग. कड मोकळी म्हणजे किती मोकळी? सर्वमान्य मोजमाप असं, की गाठीच्या शेवटच्या पेशीपासून कडेपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली ५ मिलिमीटर किंवा अधिक अंतर हवं. पण ऊती कापल्याबरोबर आक्रसतात. टाटामधल्या सर्जननी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत जीभ आणि गालाच्या कडा पाचव्या हिश्शाहून अधिक आखडल्याचं दिसलं. म्हणून पाच हवे असतील तर दहा घ्यावे लागतात, आणि तोंडात दहा मिलिमीटर म्हणजे एखादा दात, ओठाचा कोपरा, बोलण्याची स्पष्टता.

त्याहून चिवट प्रश्न तुकडा कुठून घ्यायचा हा. बरेच सर्जन तुकडे जखमेच्या काठावरून घेतात. त्या तुकड्यात गाठ नसतेच, त्यामुळे अंतर मोजता येत नाही. उत्तर फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं येतं. दुसरी पद्धत काढलेल्या मुख्य भागावरच कड तपासण्याची. त्यात चारी बाजूंना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र उभे राहून तो उभा कापतात आणि शंका येईल तिथूनच फ्रोझनचा तुकडा घेतात. अलीकडचे अभ्यास आणि मार्गदर्शक सूचना या दुसऱ्या पद्धतीकडे झुकतात, आणि ते योग्यच वाटतं. यंत्र कितीही नेमकं असलं तरी त्याच्यासमोर चुकीचा कण ठेवला तर ते त्या चुकीच्या कणाबद्दलच खरं सांगेल.

आणि उत्तर ‘पुन्हा घ्या’ असं आलं, तर ती जागा तोंडात शोधायची कशी? तोपर्यंत जखमेचे काठ मागे सरकलेले असतात, रक्त साकळलेलं असतं. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात सर्जनना आधी तुकडा घेतलेली जागा पुन्हा दाखवायला सांगितली, तेव्हा त्यांची सरासरी चूक सेंटीमीटरच्या आसपास भरली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी यावर साधा उपाय काढला. कापण्याआधीच रेषेच्या दोन्ही बाजूंना एकाच आकड्याची टॅगांची जोडी टाचायची, एक काढायच्या भागावर, एक जखमेच्या काठावर. मग पॅथॉलॉजिस्ट फक्त आकडा सांगतात.

हाडापुढे मात्र क्रायोस्टॅट हरतो. जबडा कापायला आधी आम्लात मऊ करावा लागतो आणि त्यात कित्येक दिवस जातात, म्हणून आपल्याकडे वारंवार लागणाऱ्या जबड्याच्या कडेचं उत्तर टेबलावर मिळत नाही. वीजकात्रीने भाजलेल्या कडेच्या पेशी लांबट आणि काळपट होतात. त्या कर्करोगाच्या की नुसत्या होरपळलेल्या, हे ओळखणं जिकिरीचं होतं. आणि तंबाखूने वर्षानुवर्षं भाजलेल्या तोंडात रोग एकाच जागी नसतो. शिकागोच्या डॅनेली स्लॉटर यांनी १९५३ मध्ये ७८३ रुग्णांवरून हे दाखवलं, की गाठीभोवतीचं डोळ्यांना ठीक दिसणारं अस्तरही बिघडलेलं असतं. तिथे मोकळ्या कडेपलीकडेही नवी गाठ उगवू शकते.

टाटामधल्याच सर्जननी नंतर एक रोखठोक प्रश्न विचारला: प्रत्येक रुग्णाला फ्रोझन हवंच का? अनुभवी सर्जनने काढलेला भाग नीट कापून, पट्टीने मोजून पाहिला तर ते फ्रोझनला पर्याय ठरू शकतं, आणि सरसकट फ्रोझनवर होणारा खर्च फायद्याच्या मानाने जास्त आहे, असा त्यांचा निष्कर्ष. क्रायोस्टॅट, तो राबवणारे हात आणि त्या वेळी जागेवर असणारा पॅथॉलॉजिस्ट, ही तिन्ही एकत्र जिथे नाहीत, अशा रुग्णालयांसाठी हा मोठाच आधार आहे. मात्र त्या निष्कर्षातला ‘अनुभवी’ हा शब्द गाळून चालणार नाही. दिवसाकाठी अनेक तोंडं उघडणाऱ्या परळच्या सर्जनचा डोळा आणि महिन्यातून एखादी अशी शस्त्रक्रिया करणाऱ्याचा डोळा एक नव्हे.

चूक झालीच तर ती काही दिवसांनी, मेणाच्या ठोकळ्यांवरून केलेल्या अंतिम अहवालात दिसते. जमण्यासारखं असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया, नाहीतर किरणोपचारांसोबत केमोथेरपी. किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे किंवा थोडे जास्तच चालतात. गडचिरोली-यवतमाळचा शेतमजूर तेवढे दिवस नागपुरात किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढतो, सोबत घरातलं एक माणूस, आणि दोघांचीही मजुरी बुडते. तोंडात छाले पडलेले असतात, भाकरी गिळवत नाही, नळीवाटे पातळ अन्न जातं.