द्राक्षाचा रंग आणि हृदयाचे हित

“बाबा, रोज थोडी रेड वाइन घेत जा, हृदयाला चांगली असते,” असा सल्ला परगावी राहणारी मुले वडिलांना प्रेमाने देतात. वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे. तरीही हा सल्ला घरोघरी पोहोचतो. तो मानण्यापूर्वी वाइनचा लाल रंग येतो कोठून, हे आपण समजून घ्यावे.

काळ्या द्राक्षाची साल सोलून पाहा. आतील गर बहुधा फिकट हिरवट असतो; रंग असतो तो सालीत. अँथोसायनिन नावाची ही रंगद्रव्ये वेलीवरच तयार होतात. वेलीला नत्र प्रमाणाबाहेर मिळाले, तर पाला माजतो, घडांवर सावली पडते आणि रंग फिका राहतो.

रेड वाइनसाठी द्राक्षे सालीसकट आंबवतात, म्हणून रंग रसात उतरतो. आंबवण्याचे काम यीस्ट करते. साखर हे त्याचे खाद्य. परंतु वाढीसाठी त्यालाही नत्र लागते. ते कमी पडले, तर आंबण्याची क्रिया रेंगाळते आणि कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. यीस्ट साखरेपासून मद्यार्क बनवते. रंगद्रव्ये मात्र ते निर्माण करीत नाही. ती द्राक्षात आधीपासूनच असतात.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीतून ताडगुळाचा पुरस्कार केला. नीरा तशीच ठेवली, तर यीस्ट तिची ताडी करते. वेळीच आटवली, तर तिचा गूळ होतो. रस एकच, परिणाम मात्र वेगळे.

मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. उतारवयात तर धोका अधिक. झोपेच्या गोळ्यांसोबत मद्य घेतल्यास गुंगी वाढून तोल जातो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास रक्तस्रावाची भीती वाढते.

तेव्हा रंग हवा असेल, तर द्राक्षेच सालीसकट खावीत. वाहत्या पाण्याखाली ती नीट धुवावीत. रस गाळून पिण्यापेक्षा अख्खे फळ बरे, कारण त्यातील तंतू टिकतात. मात्र १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १५ ते १६ ग्रॅम साखर असते; मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. गिळताना ज्यांना ठसका लागतो, त्यांच्या घशात अख्खा मणी अडकू शकतो. मणी उभा चिरून, बिया काढून, रुग्णाला ताठ बसवूनच द्यावा; त्रास वारंवार होत असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मुलांच्या सल्ल्यामागील माया अवश्य स्वीकारा. पुढच्या खेपेस येताना बाटलीऐवजी काळ्या द्राक्षांचा एक घड आणायला त्यांना सांगा.